बांधावरचे अश्मयुग

दख्खनच्या पठारावरील शेतकऱ्याला निसर्गाने पाऊस हात आखडून दिला, माती प्रत्येक शिवारात वेगळ्या मापाने दिली, दगड मात्र मागितला नसताना सढळ हाताने दिला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून बाहेर पडलेल्या लाव्ह्याचे थरावर थर साचून बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण, तयार झाला. त्या लाव्ह्यात अडकलेल्या वायूच्या पोकळ्या पुढे सिलिकायुक्त पाण्याने अकीक, कॅल्सेडोनी, जास्पर आणि त्यांच्या भावंडांनी भरून काढल्या. आणि बेसाल्ट झिजून गेला तरी ही कठीण भावंडे झिजायला तयार नसल्यामुळे सुटी होऊन रानात येऊन पडली. लोक त्यांना सरसकट गारगोट्या म्हणतात. अश्मयुगातील माणसाने काळ्या पाषाणाचीही हत्यारे केली आणि गारगोट्यांचीही केली. त्यामुळे ज्या प्रदेशात पायाखाली, बांधावर, विहिरीच्या कठड्यात आणि गोठ्याच्या भिंतीत दगडच दगड आहे, त्या प्रदेशात माणसाने घडवलेला दगड निसर्गाने फोडलेल्या दगडांतून निवडून काढण्याचे काम पुरातत्त्वज्ञांनी स्वतःच्या शिरावर घेतले आहे, आणि ते त्यांना कोणी सांगितले होते याचा उल्लेख कोणत्याही साधनात आढळत नाही.

हा उद्योग अगदीच निराधार आहे असे मात्र म्हणता येणार नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया यांनी नाशिकजवळ गंगापूर येथे गोदावरीच्या काठी आणि नेवासे येथे प्रवरेच्या काठी नदीने आणून टाकलेल्या गोट्यांच्या थरांतून अश्मयुगीन हत्यारे उजेडात आणली; नेवाशाजवळच चिरकी येथे गुडरुन कॉर्व्हिनस यांनी १९६०च्या दशकात केलेल्या उत्खननात हातकुऱ्हाडी, म्हणजे दोन्ही अंगांनी कपचे काढून टोकाकडे निमुळते केलेले दगड, आणि फरशा, म्हणजे टोकाऐवजी रुंद आडवी धार असलेले दगड, सापडले; जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे त्याहून पुष्कळ अलीकडच्या काळातील पात्यांबरोबर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणीही मिळाले. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठचे बोरी हे गाव तर हत्यारांसोबत सापडलेल्या ज्वालामुखीच्या राखेमुळे परदेशी नियतकालिकांपर्यंत पोहोचले. ही राख सुमारे पावणेसात लाख वर्षांपूर्वीची आहे असे काही अभ्यासकांनी दाखवून दिले, तर ती सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची, म्हणजे सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची आहे असे दुसऱ्या काहींनी तितक्याच ठामपणे दाखवून दिले. अशा प्रसंगी शेताच्या मालकाने "साहेब, मग नक्की किती जुनं धरायचं?" असे विचारल्यास अभ्यासक "पंचाहत्तर हजार ते पावणेसात लाख" असे उत्तर देतो, आणि "मोजणीवाल्यांची साखळीसुद्धा एवढी सरकत नाही" एवढेच बोलून मालक बैलांकडे वळतो.

तथापि या शास्त्राची खरी अडचण वयाची नसून अपेक्षेची आहे. शेतात दगड सापडलेल्या मनुष्याला हातकुऱ्हाड नको असते, फरशी नको असते. त्याला बाणाचे टोक हवे असते. बाणाची त्याची कल्पना भिंतीवरील दिनदर्शिकेतून, दूरचित्रवाणीवरील पौराणिक मालिकांतून आणि रुग्णालयाच्या मार्गिकेत क्ष-किरण विभागाची दिशा दाखवणाऱ्या फलकावरून तयार झालेली असल्यामुळे, त्रिकोणी, दोन्ही बाजूंनी सारखे आणि मागे लहानसे शेपूट असलेले टोक मिळाल्याखेरीज त्याचे समाधान होत नाही. अशी शेपटीची टोके जगात आहेत. उत्तर अमेरिकेतील शेतांत ती सापडतात, युरोपातही सापडतात, आणि फ्लिंट नावाच्या ज्या दगडापासून युरोपात ती केली जात, तो तेथील खडूच्या खडकांत विपुल मिळतो. दख्खनमध्ये ना खडूचे खडक, ना त्या घडणीच्या टोकांची रेलचेल. येथील मध्याश्मयुगीन माणूस, म्हणजे शिकार आणि अन्नवेचणी यांवर जगणारा परंतु बारीक हत्यारांत पारंगत झालेला माणूस, नखाएवढी ते बोटाच्या दोन पेरांएवढी पाती, चंद्रकोरी आणि त्रिकोण करीत असे, आणि ते लाकडाच्या किंवा हाडाच्या दांड्यात खाच पाडून डिंकाने एकापुढे एक चिकटवीत असे. या बारीक हत्यारांना सूक्ष्मास्त्रे म्हणतात. एवढे समजावून सांगितल्यावर पुढील संवाद हमखास घडतो.

"म्हणजे हा बाण आहे."

"बाणात बसवलेल्या पात्यांपैकी एक असू शकेल."

"मग बाकीचा बाण कुठंय?"

"लाकडाचा होता. कुजला."

"आणि बाकीची पाती?"

"शेतात असतील."

या उत्तरानंतर सापडवणाऱ्याच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो, तो सुट्या भागांच्या दुकानातून अर्धवट यंत्र घेऊन परतणाऱ्या गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर पाहावयास मिळतो. तो ते अस्सल पाते तेथेच टाकून देतो, आणि रस्त्याच्या कडेला पडलेला खडीयंत्रातील सुबक त्रिकोणी तुकडा उचलून घरी नेतो. कारण काहीही असले तरी तो बाणासारखा दिसतो.

घडवलेला दगड ओळखण्याच्या कसोट्या कागदावर सोप्या आहेत. बारीक कणांच्या, सिलिकायुक्त दगडावर नेमक्या जागी आघात केला की भेग शंकूच्या आकारात आत शिरते, आणि निघालेला कपचा आतल्या बाजूने शिंपल्यासारखा बाकदार असतो. याला खनिजशास्त्रात शंखाभ भंजन म्हणतात. कपच्याच्या ज्या टोकाला घाव बसला तेथे एक लहान सपाट जागा राहते, तिला आघातपीठ म्हणता येईल. तिच्या लगेच खाली किंचित उंचवटा येतो, त्याला आघाताचा गोळा म्हणावे. आणि त्या उंचवट्यापासून मंद वलये पसरत गेलेली दिसतात. ज्या मूळ दगडातून कपचा निघाला तो गाभा, आणि त्या गाभ्यावर उंचवट्याच्या जागी खळगा राहतो. एखाद्या दगडावर असे अनेक खळगे एका क्रमाने, एका दिशेने आणि काहीएक उद्देशाने आलेले दिसले, धारेवर बारीक बारीक टवके एका रांगेत काढलेले दिसले, तर तो माणसाने घडवला असे मानण्यास आधार मिळतो. येथपर्यंत सर्व अभ्यासकांचे एकमत असते. मतभेद सुरू होतात ते दगड हातात घेतल्यानंतर.

कारण निसर्गालाही दगड फोडता येतो, आणि तो त्यासाठी पुस्तक वाचीत नाही. पुरात गोटे एकमेकांवर आपटतात, उन्हाने तापलेला दगड अवकाळी सरीने तडकतो, कड्यावरून सुटलेली शिळा खालच्या शिळेवर बसते, आणि या सर्व अपघातांत मधूनमधून एखादा कपचा इतका नमुनेदार निघतो की त्याला पदवी द्यावीशी वाटते. निसर्गाहून अधिक घोटाळा माणूस करतो, कारण तो अश्मयुग संपल्यानंतरही दगड फोडण्याचे थांबला नाही. काडेपेटी घरोघरी येण्यापूर्वी विस्तव पाडण्यासाठी गारगोटीवर पोलादाची चकमक मारली जात असे, आणि प्रत्येक ठिणगीबरोबर गारगोटीचे टवके उडत असत. पाटा-वरवंट्याला आणि जात्याला टाकी लावणारा कारागीर ज्या अंगणात बसला, त्या अंगणात त्याने काळ्या पाषाणाच्या बारीक कपच्यांची रास सोडली. आणि खडीचे काय? १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो माणसांनी रोजगारासाठी रस्त्याच्या कडेला बसून हातोडीने खडी फोडली. त्या खडीवर आघातपीठ आहे, गोळा आहे, वलये आहेत. एका शब्दात सांगायचे तर मानवी कर्तृत्वाच्या सर्व कसोट्यांना ती उतरते, कारण ती खरोखरीच माणसाने फोडलेली आहे. अशा खडीचा एखादा ढीग पुराश्मयुगीन हत्यारनिर्मितीचे केंद्र म्हणून मोठ्या आस्थेने मोजला जात असताना बांधावरून जाणारी एखादी आजी थबकते आणि म्हणते, "बाबा, ते काय निवडून ठेवतोस? ते आम्हीच फोडलंय. तेव्हा मुकादमानं मोजलं नव्हतं, तू तरी मोज." याचे खंडन करील असा पुरावा कोणत्याही प्रयोगशाळेत उपलब्ध नाही.

काळ्या पाषाणाबाबत तरी एक सोय आहे. बेसाल्ट उघड्यावर पडला की त्याच्या पृष्ठावर हळूहळू करडा-तपकिरी थर चढतो, आणि हजारो वर्षांपूर्वीच्या घावांच्या खळग्यांवरही तो तसाच चढलेला असतो. नुकताच फुटलेला बेसाल्ट मात्र आतून काळानिळा असतो. म्हणजे ज्या हातकुऱ्हाडीची धार काळीनिळी लखलखीत आहे, ती धार बहुधा गेल्या वर्षीच्या ट्रॅक्टरने काढलेली आहे. गारगोट्यांच्या बाबतीत एवढी सोय नसल्यामुळे अभ्यासकाला दगड ओला करून पाहावा लागतो, कारण ओल्या पृष्ठावर रंग आणि वलये स्पष्ट दिसतात. पाण्याची बाटली रिकामी झालेली असली की तो दगड जिभेला लावतो. खेड्यात या पद्धतीचे स्वागत होत नाही. उन्हात डोक्यावर टोपी घालून एक सुशिक्षित मनुष्य रानातील खडे वेचून चाटीत आहे, हे दृश्य पाहून गुराखी मुले प्रथम हसतात, मग गप्प होतात, आणि शेवटी गावातील शाळेच्या गुरुजींना बोलावून आणतात. "गुरुजी, म्हशीला मिठाचा खडा देतात तसा यांनाबी द्यावा का?" या प्रश्नाला शैक्षणिक उत्तर देणे गुरुजींनाही अवघड जाते.

याउलट सामान्य संशोधकाची, म्हणजे ज्याला सुट्टीत गावी आल्यावर पहिल्यांदाच अश्मयुगाचा साक्षात्कार होतो त्याची, कसोटी एकच असते: दगड हातात बसतो की नाही. ही कसोटी अचूक आहे, फक्त ती दगडाची नसून हाताची आहे. माणसाचा हात निरनिराळ्या वस्तू पकडण्यासाठीच घडलेला असल्यामुळे, मुठीएवढा कोणताही दगड सहासात वेळा फिरवून पाहिला की एका बाजूने बसतोच. अंगठ्यासाठी खोलगट जागा सापडतेच. आणि एकदा ती सापडली की "बघा, अंगठा बरोबर इथं यायचा" असे सांगताना त्या संशोधकाचा स्वर आपल्या पणजोबांची वहाण दाखवावी इतका घरगुती होतो. पणजोबा डावखुरे होते हाही शोध त्याच बैठकीत लागतो.

या सर्व दोषांत महाराष्ट्र एकटा नाही, हे युरोपच्या इतिहासावरून दिसून येते. फ्रान्समधील अबव्हिल येथे सीमाशुल्क खात्यात नोकरीस असलेले बूशे द पर्त यांनी सोम नदीच्या खडीत लुप्त प्राण्यांच्या हाडांबरोबर हातकुऱ्हाडी सापडतात असे आग्रहाने मांडले. विद्वानांनी त्यांची बरीच वर्षे टर उडवली, आणि १८५९ मध्ये इंग्लंडहून आलेल्या प्रेस्टविच आणि इव्हान्स यांनी खड्ड्यात उतरून पाहिल्यावर ते म्हणत होते ते खरे ठरले. गंमत अशी की त्याच संग्राहकाला काही दगडांत पशुपक्ष्यांची आणि माणसांची चित्रेही दिसत असत, आणि ती त्यांनी तितक्याच निष्ठेने गोळा केली होती. शिवाय हातकुऱ्हाड आणून दिल्यास मजुराला बक्षीस मिळत असल्यामुळे, मजुरांनी मागणी आणि पुरवठा यांचे नाते अर्थशास्त्राच्या मदतीवाचून समजून घेतले आणि फावल्या वेळात हातकुऱ्हाडी घडवण्यास प्रारंभ केला. १८६३ मध्ये मूलँ-किन्यों येथील खाणीत सापडलेला मानवी जबडाही असाच बनाव ठरला. इंग्लंडात एडवर्ड सिम्पसन नावाच्या, 'फ्लिंट जॅक' म्हणून गाजलेल्या भटक्या मनुष्याने तर फ्लिंटची बाणाग्रे, कुऱ्हाडी आणि जे जे संग्राहकाला हवे ते घडवून विकले. १८६२ मध्ये लंडनमधील भूवैज्ञानिकांच्या सभेत त्याने आपली कला सर्वांसमक्ष करून दाखवली, आणि पुढे १८६७ मध्ये तो तुरुंगात गेला, तोही या कलेसाठी नव्हे, साध्या चोरीसाठी. अश्महत्यारे कशी घडवतात याची प्रात्यक्षिके देणारा हा आद्य शिक्षक म्हणावा लागेल. त्याच्या विद्यार्थ्यांनी मात्र शुल्क आधी, नकली हत्यारांच्या किमतीच्या रूपाने, भरले होते.

याहून बोधप्रद प्रकरण 'इओलिथ' नावाच्या दगडांचे आहे. मानवी कारागिरीच्या पहाटेचे, अत्यंत ओबडधोबड, जेमतेम धार काढलेले दगड असा त्या संज्ञेचा अर्थ. केंट परगण्यातील इटम गावचा किराणा दुकानदार बेंजामिन हॅरिसन याने दुकान सांभाळून हे दगड टेकड्यांवरून गोळा केले आणि प्रेस्टविचसारख्या मातब्बर भूवैज्ञानिकाला पटवून दिले. पुढे यावर विद्वानांचे दोन तट पडून काही दशके वाद चालला. १९०५ मध्ये मार्सेलँ बूल यांनी फ्रान्समधील मान्त गावाजवळच्या सिमेंटच्या कारखान्यात खडू आणि चिकणमाती पाण्यात घुसळणारी टाकी पाहिली; खडूबरोबर चुकून आत गेलेले फ्लिंटचे गोटे काही तास एकमेकांवर आपटून बाहेर पडत, आणि ते हुबेहूब इओलिथ असत. एका यंत्राने, ज्याला पूर्वज नव्हते आणि भूकही नव्हती, मानवाची पहाट दररोज टाकीभर तयार केली. तरीही वाद लगेच संपला नाही, कारण वाद करणाऱ्यांपैकी कोणाचेही पोट त्या दगडांवर अवलंबून नव्हते, फक्त प्रतिष्ठा होती.

भारतातील अश्मयुगाचा प्रारंभही खडीच्या खड्ड्यातच झाला, हे येथे नमूद करणे उचित होईल. ३० मे १८६३ रोजी, म्हणजे फ्रान्समध्ये त्या जबड्यावरून रणे माजली होती त्याच वर्षी, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरम येथे जांभ्याची खडी काढण्यासाठी खणलेल्या उथळ खड्ड्यात पुराश्मयुगीन हत्यार मिळाले. मे महिन्याच्या अखेरीस मद्रासच्या उन्हात खडीच्या खड्ड्यात उतरून दगड उलटेपालटे करणारा मनुष्य पाहून आसपासच्या लोकांनी काय म्हटले असेल, याची नोंद फूट यांनी केलेली नाही. महाराष्ट्रातील अनुभवावरून तिची कल्पना करता येते. त्या खड्ड्यातून आधी गाड्या भरभरून गेलेल्या खडीत काय काय गेले आणि ते मद्रासच्या कोणत्या रस्त्याखाली दबले आहे, हा विचार पुरातत्त्वज्ञ सहसा जेवणाच्या वेळी करीत नाहीत.

शेतातील दगडाचा मूळ पत्ता शोधणे हे तर स्वतंत्र दिव्य आहे. "आमच्या रानात दगड वाढतात, दरसाल वेचले तरी पुन्हा येतात" असे शेतकरी सांगतो तेव्हा शहरी अभ्यासक वहीआड हसतो. वास्तविक हसण्याचा अधिकार शेतकऱ्याचा आहे, कारण काळी माती उन्हाळ्यात आकसून भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि या वार्षिक घुसळणीत खालचे दगड खरोखरच वर येतात, तर वरच्या बारीक वस्तू भेगांतून खाली जातात. त्यामुळे जास्परच्या पात्याशेजारी सदऱ्याचे गुंडीबटण निघाले तरी मध्याश्मयुगात सदरे होते असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. शेणखताबरोबर घरचा सगळा संसार शेतात येतो: बांगड्यांचे तुकडे, कपबशीचे कान, पणतीचे काठ. शिवाय २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेखाली धरणांतील गाळ काढून शेतांत पसरला जाऊ लागल्यामुळे, नदीकाठी हजारो वर्षे निवांत पडलेली हातकुऱ्हाड डंपरमध्ये बसून वीस मैल दूरच्या, अश्मयुगाशी काडीचाही संबंध नसलेल्या माळावर उतरू शकते. पुढील पिढीतील अभ्यासक त्या माळावर नवी संस्कृती शोधून काढील आणि तिला गावाचे नाव देईल. डंपरच्या मालकाचे नाव देणे अधिक न्याय्य ठरेल.

दगड ओळखला गेल्यावर तरी प्रकरण मिटते असे नाही. उलट तेथून प्रशासकीय अंग सुरू होते. "हे जुनं निघालं तर सरकार जमीन घेणार का?" हा शेतकऱ्याचा पहिला प्रश्न असतो, आणि "नाही" या उत्तरावर त्याचा विश्वास बसत नाही, कारण ते उत्तर देणाऱ्या मनुष्याला त्याने काही वेळापूर्वीच दगड चाटताना पाहिलेले असते. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, आणि १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार पुरावस्तू ठरण्यासाठी वस्तू किमान शंभर वर्षे जुनी असावी लागते. दुसरी अट दगड सहज पूर्ण करतो; पहिल्या अटीसाठी त्याची किंमत ठरवावी लागते, आणि तेथे गाव, पंचायत आणि अभ्यासक असे तिघेही अडतात. या चर्चेत आठवडा गेला की त्या सुबक, उभट, काळ्या दगडाला कोणीतरी शेंदूर लावतो, त्याच्यासमोर नारळ फुटतो, आणि मग तो कोणत्या काळातील आहे हा प्रश्न विचारणे शिष्टाचाराला सोडून होते. हे मराठी मुलखाचेच वैशिष्ट्य नव्हे. विंध्य आणि बुंदेलखंडातील गावांत नवाश्मयुगीन घोटीव कुऱ्हाडी पिंपळाखाली महादेव म्हणून पूजल्या जात असलेल्या एकोणिसाव्या शतकातील संशोधकांना आढळल्या, आणि युरोपातील शेतकरी अशाच कुऱ्हाडी विजेबरोबर आकाशातून पडल्या असे मानून घराला वीज लागू नये म्हणून जपून ठेवीत.

तज्ज्ञांकडे जाण्याचा मार्ग तेव्हा उरतो. तज्ज्ञ दगड उजेडात धरतात, फिरवतात, भिंग लावतात, दीर्घ श्वास घेतात आणि "शक्यता नाकारता येत नाही" असे म्हणतात. हे वाक्य या शास्त्रात फार मोलाचे आहे, कारण ते कोणत्याही दगडाला लागू पडते आणि कोणीही त्यावरून पुढे न्यायालयात जाऊ शकत नाही. तोच दगड दुसऱ्या तज्ज्ञांकडे नेला तर ते पहिल्यांचे नाव विचारतात, आणि मगच दगडाकडे पाहतात. दोघांच्या मतांत अडकलेला दगड परत पिशवीत जातो, पिशवी एसटीत चढते, वाहक ती उचलून पाहतो आणि सामानाचे तिकीट फाडतो. तिकिटावर 'दगड' असे लिहिण्याची सोय नसते एवढेच. या लेखाच्या लेखकाच्या खिडकीतही अशा दगडांची एक रांग आहे, आणि घरातील मंडळी पापड वाळत घालताना कागद उडू नये म्हणून ते वापरतात. त्या दगडांचा हा बहुधा पहिलाच निर्विवाद उपयोग होय.

खरे पाहता शेतात सापडणाऱ्या घडीव दगडांपैकी बहुतेक दगड हत्यारे नसतातच. एक हातकुऱ्हाड घडवताना लहानमोठे शेकडो कपचे उडतात, आणि कारागीर हत्यार घेऊन निघून जातो. मागे उरतो तो कचरा. म्हणजे अभ्यासक ज्यावर निबंध लिहितो, सुट्टीतला संशोधक ज्याला कापसात गुंडाळतो आणि पुतण्या ज्याचे छायाचित्र 'आमच्या पूर्वजांचे शस्त्र' म्हणून नातेवाइकांच्या समूहावर पाठवतो, तो बहुधा कोणीतरी अंग झाडून उठताना टाकलेला केर असतो. उरलेल्यांपैकी पुष्कळ निघतात तासण्या, म्हणजे कातडे खरवडण्याची किंवा काठी तासण्याची साधी साधने. इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत, जेथे तीन हजार वर्षांपूर्वी लोक धान्य पिकवीत आणि तांबे वापरीत, तेथेही कॅल्सेडोनीची लांब सरळ पाती मुबलक सापडतात, आणि ती कापण्याखरवडण्याच्या रोजच्या कामाची होती. परंतु आपला पूर्वज वांगे चिरीत होता असे कोणाला ऐकायचे नसते. पूर्वज वाघावर धावून गेलेलाच हवा असतो; वाघ पळाला असेल, पण पूर्वज घरी बसून कातडे खरवडत होता हे सांगितल्यावर घरोघरी जी शांतता पसरते तिच्यात पुरातत्त्वाविषयीचा अनादर नसतो, फक्त वंशाविषयीची काळजी असते.

तेव्हा वाचकांना विनंती अशी की नांगरट झालेल्या रानात पहिल्या पावसाने माती धुऊन निघाल्यावर असा एखादा दगड दिसलाच, तर तो काथ्याने घासू नये, त्याला तेल लावू नये, आणि धार पाहण्यासाठी त्याने दुसरा दगड फोडू नये. तो असेल तेथेच त्याचे छायाचित्र घ्यावे, आकार कळावा म्हणून शेजारी एक नाणे ठेवावे, गट क्रमांक आणि बांधापासूनचे अंतर लिहून ठेवावे, त्या शेतात गाळ टाकला होता का ते मालकाला विचारावे, आणि जवळच्या विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला कळवावे. नाणे मात्र आठवणीने उचलून घ्यावे.